पुसायची रेघ

एका राज्यात काढलेली रेघ पुसायला बंदी होती.

काहीही काढा, कसंही काढा. एकदा काढलं की ते राहिलं. पोरांनी भिंतीवर ओढलेले कोळशाचे घोडे तसेच. सुताराने चुकून आखलेली फळी तशीच, तिच्यावर रंधा फिरवायची सोय नाही. बायका अंगण सारवत तेव्हा कालच्या रांगोळीच्या कडेकडेने शेणाचा हात फिरवत, म्हणून त्या राज्यातली अंगणं ठिगळांच्या गोधडीसारखी दिसत. परका माणूस पाहून हसे. राज्यातलं कुणी हसत नसे. पुसल्याने काय होतं ते सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते असं झालं.

राजा उदयभानाला दोन मुली. थोरली वीरजा, धाकटी मंजुळा. राणी धाकटीच्या बाळंतपणात गेली, आणि वीरजेने त्या एवढ्याशा गाठोड्याला कडेवर घेतलं ते कधी खाली ठेवलंच नाही म्हणा ना. वीरजा घोडा दौडवण्यात तरबेज, तलवारीत तरबेज. पण रांगोळीची चिमूट हातात दिली की तोच हात लटपटे. मंजुळेचं सगळं उलट. तिला घोड्याचं भय, तलवारीचा कंटाळा. चालायची ती फक्त जीभ. सकाळी डोळे उघडण्याआधी तोंड उघडे, आणि रात्री झोप लागली तरी ते जरा वेळाने मिटे.

एकदा वीरजेने हौसेने देवघरापुढे चांदणी काढली. मंजुळा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अक्का, ही चांदणी आहे की पालथी पडलेली कोंबडी?"

"चांदणी आहे."

"मग तिला दाणे घाल. भुकेली दिसते."

वीरजेने तिच्या मागे धावून तिची वेणी ओढली. दोघी हसून हसून दमल्या. असे ते दिवस होते.

त्या राज्याचा एक रिवाज होता. नवं दार उघडायचं तर त्यातून पहिलं पाऊल पडण्याआधी उंबऱ्याच्या शिळेवर सहा टोकांची चांदणी काढायची, सहाही टोकं एकमेकांसारखी. ती काढायची तुंगामायने. तुंगामाय मायावी बाई. लोक तिला पाठीमागे चेटकीण म्हणत आणि समोर माय म्हणत. लोकांचं ते असंच असतं. ती पहाटे एकटी येई, एकटी काढी आणि उजाडताना बाजूला उभी राही. कशी काढते ते कुणी पाहिलं नव्हतं. पाहावंसं वाटलंही नव्हतं. चांदणी दिसली की झालं.

राजाने पूर्वेचा महादरवाजा बांधला. तुंगामायने शिळेवर चांदणी काढली. वाजंत्री लागली, राजा अंबारीत बसून आला, आणि हत्ती चांदणीपाशी येऊन थबकला. माहुताने अंकुश टोचला, गोंजारलं, ऊस दाखवला. हत्ती ढिम्म. ज्योतिषी म्हणाला, "महाराज, मुहूर्त चालला."

राजा म्हणाला, "पुसा ती."

एका शिपायाने पायाने पुसली. असा पाय घासला, जसा चिखल उंबऱ्यावर घासतात. आणि हत्तीने पाऊल उचलण्याआधीच मंजुळा आपली धावत सुटली, आतून मिरवणूक कशी दिसते ते बघायला. शिळेवर पहिलं पाऊल तिचं पडलं.

तुंगामाय बाजूलाच उभी होती.

"राजा, माझी चांदणी पुसलीस?"

"माय, मुहूर्त टळत होता."

"मुहूर्त सांभाळलास. आता हे सांभाळ."

तिने बोट उचललं. मंजुळेच्या जागी शिळेवर एक साळुंकी बसलेली होती, पिवळ्या चोचीची, आणि भांबावून अक्का, अक्का करत होती.

"माझ्यासारखी चांदणी या शिळेवर कुणी परत काढील, त्या दिवशी पोर पोर होईल," तुंगामाय म्हणाली. "आणि या राज्यात कुणी वेडीवाकडी काढील, तर चुकीगणिक हिचा एक शब्द जाईल. शब्द सरले की उरेल ती नुसती साळुंकी. मग तिला तुम्ही ओळखणार नाही, आणि ती तुम्हाला नाही."

शाप दिला की देणाऱ्याचंही काहीतरी जातं. तुंगामायची ती दहा बोटं तिथल्या तिथे लाकडाची झाली. तिने ती पदराखाली घेतली आणि ती डोंगराकडे चालू लागली.

राजाने दोन हुकूम काढले. पहिला, या राज्यात कुणी कधी रेघ पुसणार नाही. दुसरा, जो चांदणी काढील त्याला अर्धं राज्य. पहिला भीतीने काढला, दुसरा घाईने. आणि दुसऱ्याने घात केला. देशोदेशीचे चितारी आले. शिळेच्या मधोमध एक बारीक खळगा होता, तो दगडातला दोष समजून त्यांनी लेप भरून बुजवला आणि वर सुरेख चांदण्या काढल्या. जो तो टोकापासून सुरुवात करी, कारण सगळ्यांना घाई टोकांचीच. पहिलं टोक ऐटदार येई, दुसरं बरं, आणि शेवटच्याला जागाच उरत नसे. ते बिचारं पाहुण्यांच्या पंगतीत उशिरा आलेल्या माणसासारखं अंग चोरून बसे. पुसायची तर सोय नव्हती.

एकेक चांदणी, एकेक शब्द. आधी मोगरा गेला, मग ताक, मग झोपाळा. भूक गेली त्या दिवशी साळुंकी वीरजेच्या खांद्यावर बसून म्हणाली, "अक्का, पोट रडतं." पोट गेलं, रडणं गेलं, तेव्हा नुसती चोच वाजवू लागली.

मग मात्र वीरजा तलवार उपसून शिळेवर उभी राहिली. "आता एकही चितारी नको. पुढची चांदणी मी काढीन."

राजा म्हणाला, "तू? तुला तर..."

"मला येत नाही. ठाऊक आहे, आबासाहेब. ज्यांना येत होतं त्यांनी काय केलं तेही ठाऊक आहे."

तिने घोड्यावर खोगीर टाकलं, साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि डोंगराची वाट धरली.

तुंगामाय आपल्या झोपडीपुढे बसली होती. चुलीवर पेज होती आणि ती ढवळायला हात नव्हता, म्हणून पळी आपली आपणच फिरत होती.

"माय, चांदणी शिकायची आहे."

"शाप माझा. शिकवायला हात नाहीत." तिने पदर बाजूला केला. वीरजेने ती लाकडी बोटं पाहिली. रागाचे जे शब्द तिने वाटभर घोळवत आणले होते ते तिथेच विरले.

"दुखतात?"

 इतक्या काळात हे तुंगामायला कुणी विचारलं नव्हतं.

"थंडीत," ती म्हणाली. "ऐक पोरी. तुझ्या हातून चांदणी चुकली तर हिचा शब्द जाईल. म्हणून चांदणी शिकायचीच नाही. तिचे तुकडे शिकायचे. तुकड्यांना शाप लागत नाही. माळावर सोन्याच्या शिंगांची शेळी चरते, तिच्याकडून खुंटी आण. तळ्यात सुसर आहे, तिच्याकडून दोरी आण. गुहेत जाळं विणणारी कातीण आहे, तिच्याकडून सूत आण. नुसतं आणू नकोस. ते काय करतं ते बघून आण."

"आणि मग?"

"मग तू जाणे." पळी थांबली. "पेज पिऊन जा."

वीरजा पेज प्यायली. साळुंकीनेही दोन शितं टिपली. तिच्यापाशी आता मोजके शब्द होते, आणि ती ते कंजुषाच्या जपणुकीने वापरत होती.

माळ उताराचा होता, गुडघाभर गवताचा. मध्ये एक खुंटी, खुंटीला दावं, दाव्याला शेळी. शिंगं सोन्याची, स्वभाव कुणाच्याही शेळीसारखा. खुंटीवर कोरलेलं होतं: हिने गोल चरावं, मग मला न्यावं.

शेळीने ओढ घेतली की खुंटी हलायची, जागची सरकायची. वीरजा घोडेस्वार, तिला वाटलं, आवरायचं ते जनावराला. ती शेळीमागे धावली. शिंग धरलं, कान धरला, दाव्याला लोंबकळली. शेळीने तिला काट्यांतून नेलं, चिखलातून नेलं, आणि मागे जे चरून झालं होतं ते पाहावं तर गोल नाही, फणस. बघता बघता गवत पुन्हा गुडघाभर उगवलं. वीरजा पुन्हा धावली. पुन्हा फणस.

साळुंकी खुंटीवर जाऊन बसली.

"अक्का, बस."

वीरजा चिडली. "बसू? इथे माझे गुडघे फुटले आणि म्हणे बस!"

"बस," साळुंकी म्हणाली आणि खुंटीवर चोच आपटली.

वीरजा खुंटीपाशी बसली. दोन्ही हातांनी खुंटी धरली, पाय मातीत रोवले. शेळीने ओढ घेतली. तिने शेळीकडे पाहिलंच नाही. शेळी रागाने ओढत राहिली, आणि ओढत राहिली म्हणून दावं ताणलेलं राहिलं, आणि ताणलेलं राहिलं म्हणून तिचं तोंड खुंटीपासून जितकं दूर होतं तितकंच दूर राहिलं. ऊन कललं तेव्हा माळावर एक गोल उमटला होता, ताटासारखा. जनावर हवं तसं वागलं होतं आणि गोल चुकला नव्हता.

शेळी दाव्यातून मान काढून शिंगं हलवत निघून गेली. वीरजेने खुंटी उपटली. जिथे ती रोवली होती तिथलं भोक गवताने त्याच क्षणी भरून टाकलं. तिने ते पाहिलं, पण त्याचं काही केलं नाही. हातात खुंटी आली याचा आनंद मोठा होता.

वाटेत तिने विचारलं, "मंजू, आता कुठे?" समोर तळं चमकत होतं. साळुंकीने चोच उघडली आणि तशीच ठेवली. पाणी हा शब्द तिच्यापाशी नव्हता. कुणीतरी, कुठेतरी, अर्ध्या राज्याच्या लोभाने दार लावून अजून चांदण्या काढत होतं.

तळं गोल होतं. मधल्या खडकावर सुसर पहुडली होती आणि तिच्या दातांत दोरी.

"राजकन्ये," सुसर म्हणाली, "चंद्राने मधल्या खडकात खुंटी रोवून या दोरीने हे तळं आखलं. एवढी दोरी म्हणजे खडकापासून काठ. हीच दोरी घे आणि काठाकाठाने पावलं टाक. एक टोक दगडाखाली ठेव, दोरी सरळ पाण्यावरून ताण, दुसरं टोक काठाला लागेल तिथे दुसरा दगड. मग तिथून पुढे. शेवटचं पाऊल पहिल्या दगडावर पडलं तर दोरी तुझी."

"आणि नाही पडलं तर?"

"तर मी काय खाते ते तुला दिसेल."

वीरजेने पहिला दगड ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मग मान वर करून पाहिलं, तर उरलेलं तळं अफाट दिसलं.

"पुरणार नाही," सुसर गोड आवाजात म्हणाली. "अगं, मधून काठापर्यंत जायची दोरी ती. तिने सगळा काठ कसा बसेल नेमका? जरा ताणून घे. कोण बघतंय?"

"नको," साळुंकी म्हणाली.

पण वीरजेलाही तसंच वाटत होतं. शिकाऊ माणसाला आपल्या डोळ्यांचा भारी भरवसा. तिने चौथ्या पावलाला दोरी हिसका देऊन ताणली, पाचव्याला आणखी. सहावं पाऊल पहिल्या दगडाच्या पुढे निघून गेलं.

सुसरीने शेपटीने दोरी आपल्याकडे ओढून घेतली आणि जबडा उघडला. वीरजेने तलवार उपसली. घोडा दूर खिंकाळला. आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की सुसर मेली तर दोरी तळाशी जाईल, आणि खांद्यावरचं हे मूठभर ऊबदार पाखरू तसंच राहील. तिने तलवार उलटी धरली, मूठ सुसरीकडे केली.

"ही घे. मला परत एकदा टाकू दे."

"तलवार देतेस? तू?"

"मला ती वापरता येते. जे वापरता येत नाही ते शिकायला आले आहे."

सुसरीने तलवार गिळली, दोरी परत केली आणि जबडा मिटला. या खेपेला वीरजेने डोळे अर्धे मिटले. तळं बघितलं नाही, किती उरलं ते बघितलं नाही; फक्त दोरी सारखी ताणलेली आहे ना, एवढंच बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या पावलाला दोरीचं टोक तिच्या हातातून खाली आलं आणि पहिल्या दगडावर टेकलं. नेमकं, मधोमध.

वीरजा खुळ्यासारखी बघत राहिली. मग हसली. मग तिला एकदम रडू आलं. ज्या दोरीने गोल आखला, तीच दोरी गोलाभोवती सहा वेळा बसते. ना कमी, ना जास्त. चंद्राला हे ठाऊक होतं. तिला आत्ता कळलं होतं.

"हसतेस काय, जा," सुसर म्हणाली. पण दोरी तिने स्वतः दातांनी गोळा करून वीरजेच्या पायाशी ठेवली. वीरजा घोड्यावर बसली आणि मागे वळून पाहते तो तिने ठेवलेले दगड एकामागून एक पाण्यात घरंगळत होते.

गुहेत सहा खांब गोलात उभे होते आणि छताला कातीण लटकली होती, परातीएवढी. तिच्या घरी आलेल्याला ती आधी बघून घेई.

"हात दाखव," कातीण म्हणाली.

वीरजेने हात पुढे केले.

"थरथरतात."

"हो."

"सूत ताणलेलं असलं की त्याला हाताची थरथर कळत नाही. घे. खांबाला खांब जोड. सुताने सरळ रेघ धर."

वीरजेने सूत घेतलं आणि पहिल्या खांबावरून दुसऱ्याला नेलं, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. शेजाऱ्याला शेजारी जोडत ती फिरली, आणि शेवटची गाठ मारल्यावर तिला दिसलं, आपण आत आहोत आणि घोडा बाहेर.

कातीण हसली, तशी सगळी जाळी हलली. "कुंपण घातलंस बाई! आता रहा इथेच, मला सोबत होईल. सगळे हेच करतात. जवळ दिसला की धरला. शेजारच्याला सोड, पलीकडच्याला धर."

वीरजेने गाठी सोडल्या. पहिल्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून पाचवा, पाचव्यावरून परत पहिला. गुहेत एक त्रिकोण उभा राहिला, बाजू सारख्या, कोपरे सारखे. तिचा हात उरलेल्या खांबांकडे गेला, दुसऱ्याकडे, चौथ्याकडे...

"थांब!" कातीण ओरडली. "दुसरा त्रिकोण उलटा बसतो पहिल्यावर, आणि दोन मिळून चांदणी होते. ती घरी. त्याच शिळेवर. इथे हात चुकला तर तुझं पाखरू मुकं होईल, आणि मला ते पाप नको. माझी स्वतःची पोरं पुष्कळ आहेत."

मग ती जेवायला बसली. जाळं विणायच्या आधी आधारापुरते काही तंतू तिने टाकले होते, ते ती आता एकेक करून गिळत होती.

"स्वतःचंच सूत खातेस?" वीरजेने विचारलं.

"आधाराचं आहे. घर उभं राहिलं, आता ते मध्ये लोंबकळत ठेवू? पण टाकायचंही नाही त्याला. पोटात घ्यायचं."

वीरजेने सूत खांबांवरून सोडवून कमरेला गुंडाळलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "चल मंजू, कुठे जायचं आता?" साळुंकीने चोच उघडली. बस नव्हतं, नको नव्हतं, घर नव्हतं. बराच वेळ ती आत काहीतरी शोधत राहिली, रिकाम्या डब्यात हात घालावा तशी.

"अक्का," ती म्हणाली.

तेवढं एकच उरलं होतं. वीरजेने घोड्याला टाच मारली.

सकाळी महादरवाज्यापाशी सारं नगर जमलं. राजा अंबारीत बसून आला, कारण राजांना तशीच सवय असते. गर्दीच्या कडेला, पदराखाली हात घेऊन, तुंगामायही उभी होती. तिच्या आजूबाजूला कुणी उभं राहिलं नव्हतं.

वीरजेने जुन्या चांदण्यांनी भरलेली शिळा पाहिली. त्या पुसता येत नव्हत्या, म्हणून तिने शिळेवर काळी ओली माती सारवली. रेघा खाली होत्या तशाच राहिल्या आणि वर कोरी पाटी मिळाली. कोतवालाने वाकून पाहिलं; पुसलेलं काहीच नव्हतं. मग ती गुडघ्यावर बसली, चाचपून मधला खळगा शोधला आणि त्यातला चिताऱ्यांचा लेप नखाने कोरून काढला. खुंटी त्यात अशी बसली, जशी आधीही तिथेच बसली असावी. तुंगामायने श्वास आत घेतल्याचा आवाज आला.

साळुंकी खुंटीच्या डोक्यावर जाऊन बसली.

दोरीचं एक टोक खुंटीला, दुसऱ्या टोकाला शिरगोळ्याचा, रांगोळीच्या दगडाचा, पांढरा खडा. वीरजेने दोरी ताणली आणि ती फिरली. हात थरथरत होता. दोरीला ते कळलं नाही. गोल पुरा झाला. मग तीच दोरी, तेवढीच दोरी, गोलाच्या कडेने. लोक पुटपुटू लागले, पुरणार नाही, पुरणार नाही. वीरजेने मान वर केली नाही. सहावी खूण पहिलीवर येऊन टेकली आणि पुटपुटणं थांबलं.

मग सूत. ते तिने रांगोळीच्या पांढऱ्या पुडीत घोळलं, एका खुणेवर अंगठ्याने दाबलं, शेजारची सोडून पलीकडच्या खुणेवर ताणलं, मधोमध उचललं आणि सोडलं. टण्ण! शिळेवर सरळ रेघ. तीन फटक्यांत एक त्रिकोण. आणखी तीन फटक्यांत दुसरा, पहिल्यावर उलटा. गोलाच्या आत चांदणी उभी राहिली, सहा टोकांची. पहिलं टोक कुठलं आणि शेवटचं कुठलं, ते काढणारीलाही सांगता आलं नसतं.

सगळं नगर थांबलं. साळुंकी साळुंकीच राहिली.

राजाने डोळ्यांवर हात घेतला. "गेली," कुणीतरी म्हणालं. "चुकली. शेवटचा शब्दही गेला."

 वीरजेने वाकून विचारलं, "मंजू?"

साळुंकीने मान वाकडी केली.

"अक्का."

शब्द होता! वीरजा ताडकन उठली. चांदणी चुकली असती तर शब्द गेला असता. गेला नाही. म्हणजे चुकलेली नाही. पण पुरीही झालेली नाही. मग राहिलंय काय? रेघ तर एकही राहिलेली नाही. तिने शिळेकडे पाहिलं, आणि तिला गवताने भरून टाकलेलं भोक दिसलं, पाण्यात घरंगळणारे दगड दिसले, स्वतःचं सूत गिळणारी कातीण दिसली. राहिलं नव्हतं, जास्त झालं होतं. चांदणीभोवती तिचा गोल अजून उभा होता, पिंजऱ्यासारखा.

तिने साळुंकीला आत चांदणीवर ठेवलं, खुंटी उपसली आणि गोलाकडे हात नेला.

"पुसू नकोस!" राजा अंबारीतून ओरडला. त्याचा आवाज फाटला. "वीरजा, नको गं. एकदा पुसलं आणि एक पोर गेली. तुझ्या हातून पुन्हा नको."

कोतवाल पुढे सरसावला. तलवार नव्हती, वीरजेने नुसतं पाहिलं, आणि तो होता तिथे थांबला.

"आबासाहेब, तुम्ही पुसलीत ती चांदणी होती. पायानं पुसलीत, आणि कुणाला न विचारता. हा आधार आहे. हा पुसण्यासाठीच काढलाय." ती गर्दीच्या कडेला वळली. "माय, पुसू?"

"मला काय विचारतेस?" तुंगामाय म्हणाली. "ज्याला पुसायचं त्याला विचार. मी दर वेळी विचारत असे."

वीरजेने गोलापुढे हात जोडले. "तुझ्यावाचून हिचं एक टोक जागेवर बसलं नसतं. बस झालं तुझं काम. ये आता." आणि तळहाताने, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवत, ती गोल पुसू लागली. दोन टोकांमधली एक कमान पुसली तसं साळुंकीचं एक पीस गळलं. दुसरी पुसली, दुसरं गळलं. पाच कमानी झाल्या.

"थांब," तुंगामाय म्हणाली. "तेवढी त्याला ठेव."

सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. हत्ती बसला. राजा उदयभान खाली उतरला, जोडे काढले आणि शिळेपाशी येऊन गुडघ्यावर बसला. आधी त्याने तुंगामायकडे पाहिलं.

"माय, मी मुहूर्त वाचवला आणि बाकी सगळं घालवलं. मला क्षमा कर."

"आधी हात चालव. पोर ताटकळलीय."

राजाने हात जोडले आणि आपल्या हाताने शेवटची कमान पुसली.

पिसं शिळेवर पडली होती आणि त्यांच्या मधोमध मंजुळा बसली होती, वेणी विस्कटलेली, डोळे मोठे झालेले. तिने तोंड उघडलं.  मंजुळेने भोवतीची सहा टोकं एकेक करून निरखली.

"अक्का," ती म्हणाली. आणि मग, शब्दांमागून शब्द वाट काढत आल्यासारखे, "अक्का, कोंबडी बरी जमली या खेपेला. मला भूक लागलीय. ताक आहे का? मोगरा फुलला का? आणि ती सुसर किती खोटारडी होती, मी नको म्हटलं होतं, तू ऐकतेस कधी..."

वीरजेने तिची वेणी धरली आणि तिला छातीशी घेतलं. पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही, पण आवाज चालूच होता.

तुंगामाय निघाली होती. राजाने तिला थांबवलं. तिने पदर सावरायला हात उचलला आणि स्वतःच थबकली. बोटं वाकत होती. एकेक करून तिने ती उघडली, मिटली, उघडली. शेवटी तिने खाली वाकून एका बोटाने चांदणीचं टोक चाचपून पाहिलं.

"टोक चांगलं आहे," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं ऐकणं म्हणजे पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी बंदी उठली. साऱ्या राज्यात पाण्याच्या घागरी उपड्या झाल्या. अंगणं एकसारखी सारवली गेली, सुतारांनी फळ्यांना रंधे मारले, भिंती धुतल्या गेल्या. काही आयांनी मात्र कोळशाचे घोडे ठेवले. ते बंदीमुळे नाही. पोरं मोठी झाली होती म्हणून. आणि नव्या चांदणीनंतर महादरवाज्यातून पहिलं पाऊल तुंगामायचं पडलं.

त्या राज्यात अजून नवशिक्या पोरीच्या हातात आधी खुंटी देतात, मग दोरी, मग सूत. मध्य धर, गोल काढ, त्याच दोरीने सहा खुणा कर, शेजारची सोड, पलीकडची धर. सगळं जमलं की गोलाला हात जोडून तो हाताने पुसायला सांगतात. पोरगी विचारते, पुसायचाच होता तर काढला कशाला? तेव्हा तिची थोरली बहीण तिच्याकडे बघते आणि तिला ही गोष्ट सांगते.

चांदणी उंबऱ्यावर राहिली, गोलाची पूड तळहाताला राहिली. आणि ही गोष्ट ज्याने ऐकली, त्याच्या दारात ती पाहुणी म्हणून उतरली.